दुसऱ्या भागातला भोंगा

गेमच्या स्टोरीचा विषय निघालाच आहे, तर माझं ऐका. अठ्ठ्याण्णवच्या आसपास उल्हासनगरच्या मनोजकडे कॉम्प्युटर होता. त्याने आणलेल्या एका गेमचा दुसरा भाग आम्ही आठवडाभर खेळून संपवला, आणि बदलापूरला घरी येऊन मी बाबांना स्टोरी सांगायला बसलो. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीला टाळं लागून चार महिने झाले होते.

"पहिल्या भागात एक मशीन अख्खं शहर चालवत असतं. उठायचं, जेवायचं, सगळं त्याच्या भोंग्यावर. हिरो ते तोडतो आणि लोक मोकळे होतात."

"मग दुसऱ्या भागाला उरलं काय?"

"हिरो परत येतो, तर लोकच ते मशीन दुरुस्त करत बसलेले असतात. एवढे येडे लोक असतात का कुठे?"

बाबा हसले नाहीत. "होतं का दुरुस्त?"

"नाही, हिरो होऊ देत नाही."

"त्याचं काय जातंय," बाबा म्हणाले. "तो निघून जाणार."

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे पहाटे उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पेपर घेऊन खुर्चीत बसले. आईने भरलेला डबा त्यांच्या शेजारी स्टुलावर होता. बाराला मला भूक लागली.

"बाबा, जेवायचं का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "थांब. साडेबाराला भोंगा होतो."