व्ही-सिंक आणि शिडाची होडी

सांगते ना, आधी होडी नुसती अडखळायला लागली. लॅपटॉपवर नीट चालायची, मंडपातल्या मोठ्या स्क्रीनवर मात्र उचकी लागल्यासारखी पुढे जायची. संपात गिरणी सुटल्यापासून बाबांनी आमच्या लालबागच्या मंडळात कधी कशासाठी शब्द टाकला नव्हता. यंदा म्हणाले, "समुद्राचा देखावा माझी मुलगी कॉम्प्युटरवर करेल." त्यामुळे होडी नीट चालायलाच हवी होती.

कॉलेजातल्या मंदारला फोन केला. तो म्हणाला, "तुझी स्क्रीन सेकंदाला साठ चित्रं दाखवते, मंडपातली तीसच दाखवत असेल. व्ही-सिंक बंद कर, म्हणजे प्रोग्रॅम स्क्रीनसाठी थांबणार नाही. येतोच मी आरतीला."

बंद केलं आणि तेवढ्यात पडदा उघडला. मी होडी दर चित्राला एक पाऊल सरकवत होते, आणि आता कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो चित्रं काढत होता. होडी सुसाट! शीडही मधोमध कापल्यासारखं दिसायला लागलं.

सेक्रेटरी सावंतकाका धावत मागे आले. "अगो, ही होडी आसा की रॉकेट?"

"काका, आत्ता बंद केलं तर बाप्पामागे काळोख होईल!"

"मगे तुझ्या बापाशीक काय सांगू मी?"

मी मंदारला फोनवर फोन लावत राहिले. शेवटी त्याने उचलला.

"अगं, उचलू कसा? समोर गर्दीतच आहे मी. तुझ्या बाबांनी माझा हात धरून ठेवलाय. सगळ्यांना सांगतायत, होडी मशीनची आहे, शीड नुसतं शोभेला."