वजीफा मंजूर

"हॅलो?… हॅलो, कोण, परभणी? … दिनकरराव! बोला, बोला… मीच व्यंकटराव, तुमचा साडू… न्हाई हो, रडायलो न्हाई, ह्या फोनवर आवाजच असा येतो."

फोन ईश्वरअप्पांच्या जिनिंगमधला होता आणि कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या पलीकडेच टांगलेला होता. सेलूच्या सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर व्यंकटराव एक कान फोनला लावून, दुसऱ्यात बोट घालून उभे होते. हिवतापाच्या संशोधनाचं शिक्षण घ्यायला जिल्ह्यातून एक कंपाउंडर हैदराबादला जायचा होता. व्यंकटरावांनी अर्ज केला होता, जिंतूरच्या कंपाउंडरनंही. हुकूम आला की मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या कचेरीतले कारकून दिनकरराव फोन करणार होते.

"आला? हुकूम आला? … मग वाचा ना! … उर्दूत हाय तर उर्दूत वाचा… 'व्यंकटराव, कंपाउंडर, सेलू'… हो, मीच. पुढं? … काय मंजूर? … वजीफा?"

व्यंकटराव शेजारच्या कापसाच्या गाठीवर बसले. निजाम सरकारच्या नोकराला वजीफा म्हणजे पेन्शन. गेल्या साली थोरल्या कंपाउंडरांना, लिंबाजींना, वजीफा मंजूर झाला, तेव्हापासून ते पारावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नाड्या बघत असत. कुणी सांगितलं नसतानाही.

"अहो, मी अजून पंचेचाळिशीबी न्हाई गाठली! … अभिनंदन कशाचं करायलात? … पेढे? तुमची सख्खी मेहुणी हाय ती कस्तुरा, तिची चूल विझायलीय अन् तुमी पेढे मागायलात! … थांबा, पुढचं नका वाचू, एवढं बास झालं… शिकायला धाडा म्हणलो होतो हो, घरी बसवा न्हाई!… तक्रार गेली का त्या डासांची? … हां, म्हणजे तुमालाबी ठाऊक हाय. मी अळ्या धरल्या, बाटलीत पाळल्या. बूच निघालं अन् ते डास तपासणीला आलेल्या साहेबांनाच चावले, कबूल. पण कोणत्या जातीचा चावला, ते मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं होतं की! … हसू नका. इथं घरटी एक माणूस गोधडीत हुडहुडायलाय. मी आपला कोयनेलचं कडू पाणी पाजायलोय, अन् दर साली तेच लोक, तोच ताप. कोणत्या डबक्यात निपजतो एवढं तरी शिकून आलो असतो…"

आवाज खरंच रडका झाला होता. आता त्यात फोनचा दोष नव्हता.

"साहेब हायत का कचेरीत? … शेजारच्याच खोलीत? मग जा. आत्ता. सांगा, व्यंकटराव हात जोडून म्हणायलाय, वजीफा नको… का म्हणजे? नको! … लय विचार केलाय… तुमाला तुमच्या बायकोची शपथ, जा!"

ईश्वरअप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या बिचाऱ्यांना एकाच बाजूचं ऐकू येत होतं, तरी घाम दोन्ही बाजूंचा फुटला होता.

"हं… आलात? सांगितलं? … देवासारखे धावलात हो! काय म्हणाले? … 'ठीक, जिंतूरवाल्याला देऊ'… माझी पेन्शन जिंतूरवाल्याला? … 'हैदराबादला जायला भ्याला'… हैदराबादला कशाला? पेन्शन तर परभणीच्या खजिन्यात मिळती… काय? … कसला वजीफा? … तालीमी? … कुठं लिहिलंय? … दुसऱ्या ओळीत? … म्हणजे शिकायचा वजीफा, शिष्यवृत्ती? … एक साल? राहण्या-जेवण्यासकट? … मग पहिल्याच ओळीला का थांबलात, दिनकरराव! … मीच थांबा म्हणलो?"

व्यंकटराव उठले ते थेट तांब्याला धडकले. सगळं पाणी ईश्वरअप्पांच्या धोतरावर गेलं.

"परत जा! पाहिजे म्हणा! … साहेब निघाले? टांग्यात बसायलेत? मग पळा की! … सांगा, नको म्हणलो ते पेन्शनला… न्हाई, न्हाई, 'नको' हा शब्दच काढू नका! 'पाहिजे' एवढंच… ऐकू येईना? … पाहिजे! वजीफा पाहिजे! … हॅलो? … दिनकरराव? … हॅलो!"

यंत्रं नेमकी त्याच घटकेला थांबली होती. 'वजीफा पाहिजे' अख्ख्या सेलूच्या बाजाराला ऐकू गेलं. परभणीला गेलं की नाही, ते सांगायला फोनमध्ये कुणी उरलं नव्हतं.