बाबांनी पुसलेली काच

सोलरचा विषय काढलाच आहे तर आमच्या बाबांचं ऐका. विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनल आहेत. दर रविवारी भर दुपारी चेअरमन स्वतः उभे राहून ते बोअरच्या पाण्याने धुऊन घ्यायचे, तरी वीज कमीच होत चाललेली. कंपनीच्या इंजिनिअरने लॅपटॉप उघडून निकाल दिला, "पॅनल बदलावे लागतील."

बाबांनी नुसतं काचेवर नख घासलं. "ही धूळ नाही, बोअरच्या पाण्याचा क्षार आहे. तापल्या काचेवर पाणी मारता, ते तिथंच वाळतं. धुताय कसले, पुटं चढवताय."

चेअरमन म्हणाले, "आपण इंजिनिअर का?"

"नाही. पण काच कळते."

दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आत बाबांनी नळाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ फडक्याने एकेक काच पुसली. दुपारपर्यंत माझ्या मोबाइलवर विजेचा आकडा पहिल्या वर्षीसारखा चढला. सगळे गच्चीवर जमले. इंजिनिअरने विचारलं, "काका, हे शिकलात कुठं?"

आता खरं सांगतो, आयटीतल्या मित्रांना मी कायम म्हणायचो, वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते. त्या दिवशी मात्र बाबांच्या आधी मीच ओरडलो, "माझे बाबा तीस वर्षं डेपोत बस धुवायचे!"

बाबा फडकं पिळत म्हणाले, "हळू बोल. आळंदीपर्यंत ऐकू गेलं."