हेरान बुडाली की नाही

जपानी अमलाखालच्या केसंग स्टेशनावर, खिडकीतल्या जपानी बाबूसमोर इन्सुन तिकिटाच्या रांगेत उभी होती. मागच्या बाकावर तिची आजी एका अनोळखी बाईशी बोलत बसली होती.

“नातीला राजधानीच्या शाळेत पोचवायला निघालेय. आधी माझा ठाम नकारच होता हो! पण ती मला वर्तमानपत्रातली कादंबरी रोज वाचून दाखवते. त्यातली हेरान शिकून मास्तरीण झाली. म्हटलं, जाऊ दे पोरीला.”

“हेरान? केस कापलेली?”

“हो, तीच.”

“अहो, ती नदीत बुडून मेली!”

इन्सुननं रांगेतूनच मागे वळून पाहिलं.

“काहीतरीच काय!”

“खोटं कशाला सांगू? आमच्या जावयानं वाचून दाखवलं. एकाच्या नादी लागली, त्यानं टाकली. शिकलेल्या पोरींचं दुसरं काय व्हायचं? थांबा, या सुक्या माशांना तोच कागद गुंडाळलाय.”

“इन्सुन, इकडे ये. वाच हे.”

रांग सोडून इन्सुन आली आणि तिनं कागद हातात घेतला. मनातल्या मनात तिनं बुद्धाचा धावा केला.

“वाच ना गं. घसा बसला का?”

“आजी... हेरान... नदीवर गेली... आणि...”

आजीनं कागद तिच्या हातून काढून घेतला.

“पुरे. बाई, तुमचे मासे उघडे पडलेत, गुंडाळा ते. आणि तू गं, रांगेत जा, नंबर जाईल. शाळेत रुळलीस की पत्र धाड. ते मला शेजारचे मास्तर वाचून दाखवणार आहेत, तेव्हा त्यात तरी खरं तेच लिही.”