उजेडानं केस जातेत म्हणे!

उजेडानं! अवं, मलम न्हाई, वस्तरा न्हाई, गंडादोरा न्हाई... उजेडानं केस जातेत म्हणे! आन हे कुणाला सांगून राहिले? आमच्या हट्ट्याच्या माणसाला, जिथं दिवसातून बारा तास लाइटच नसते! तुमाला सांगतो, सटवाजीनं हे पयल्यांदा ऐकलं तवा तो इतका वेळ तोंड उघडं टाकून बसला की मीच म्हणलं, मर्दा मिट आता, माशी जाईल.

सटवाजी म्हणजे माझा शेजारी, पाच एकर सोयाबीनवाला. आन मी त्याच्या दारापुढं जीप लावणारा डायवर, म्हणून त्याच्या घरच्या सगळ्या भानगडीत फुकट सामील. त्याची पोरगी पुनम, वसमतला बीएला. लेकरू गुणाचं, पण हनुवटीवर केस. लव न्हाई हो, केस! काळे, राठ. दोन वर्षं पोरगी ओढणी नाकापासून बांधून कॉलेजला जायची, वर्गातबी सोडायची न्हाई, आन घरातला आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवायची. सटवाजी बोलायचा न्हाई, पण तो पालथा आरसा दिसला की त्याला घास उतरायचा न्हाई. त्यात जवळा बाजार गावचं स्थळ आलं! तीन आठवड्यांनी पाहायला येणार. झालं, पुनमच्या आईनं, आमच्या मंजुळावैनीनं, एकच धोशा लावला, "अवं, नांदेडला मशीन आलंय म्हणतेत, एका दिवसात तोंड साफ! चला की!"

आमी चौघं निघालो. पण त्याआधी काय झालं पाहा. घरी पावणे येणार म्हणलं की आपण काय करतो? सडा टाकतो, सारवतो, पसारा कोठीत कोंबतो. वैनीनं तेच केलं! डॉक्टरसमोर लेकरू असं कसं न्यायचं, म्हणून आदल्या दिवशी पार्लरात बसवून दोऱ्यानं एकूणएक केस उपटून आणले. हनुवटी कशी, लालभडक, चकचकीत!

डॉक्टरीणबाई तरणी, शांत. डोळ्यानं पाहिलं, भिंगानं पाहिलं, म्हणल्या, "केस कुठंयत?"

वैनी खुशीत, "काढून आणले की!"

"मुळासकट?"

"मुळासकट! एक सोडला न्हाई."

बाईनं कपाळाला हात लावला. "अहो मावशी, लेझरचा उजेड केसाचा काळा रंग धरतो. त्या रंगातून मुळापर्यंत उतरतो, मूळ तापतं आणि मरतं. केसच नाही तर उजेड धरणार कशाला?"

आन एकदम सटवाजी खुर्चीवरून उठलाच! "म्हणजे हराळीवर फवारा मारल्यावानी! तण उभं पाहिजे, तवा औषध पानातून मुळात जातं. आदल्या दिशी खुरपून घेतलं आन मग फवारलं तर काय, मातीला आंघोळ?" डॉक्टरीणबाई पाहतच राहिल्या. म्हणल्या, "बरोबर." आन सटवाजी? डोळे असे मोठे! उजेडानं, मर्दा, उजेडानं!

मग बाईंनी सगळं सांगितलं. एका दिवसात काही होत न्हाई. सहा-आठ खेपा, महिना-दीड महिन्याला एक. सगळेच केस जात न्हाईत, कमी होतेत, बारीक होतेत, काही परत येतेत. पांढऱ्या केसाला उजेड धरतच न्हाई. आपली कातडी सावळी, मशीन जोरात लावलं तर डाग पडतो, म्हणून आधी इवलीशी जागा करून पाहायची. उन्हात हिंडायचं न्हाई. आन सगळ्यात आधी रक्त तपासायचं, पाळीचं विचारायचं... इथं सटवाजी पंखा पाहायला लागला, मी पंखा पाहायला लागलो, पंखा बंद होता. शेवटी म्हणल्या, "सहा आठवड्यांनी या. तोवर उपटू नका. वस्तरा चालेल, त्यानं मूळ शाबूत राहतं."

"पोरीच्या तोंडाला वस्तरा?" वैनी किंचाळली. "मी मेले तरी न्हाई!"

सटवाजीला मात्र मशीन पाहिल्याशिवाय उठवेना. त्यानं स्वतःचं मनगट पुढं केलं. बाई हसल्या, सगळ्यांना काळे चष्मे दिले, आन... टप्! "आयो!" सटवाजी उडाला. "रबर ताणून सोडल्यावानी लागलं!" करपलेल्या केसाचा वास आला, आन माणूस हरखून मनगटाकडं पाहतच बसला. उजेडानं!

मग पुनमनं विचारलं, इतका वेळ एक शब्द न बोललेल्या पोरीनं, "मॅडम, न्हाईच केलं तर?"

"तर काही नाही. रक्त तेवढं तपास. केस म्हणजे काही गुन्हा नाही. करायचं का नाही, तुझं तू ठरव."

दोन वर्षांत हे तिला कुणी म्हणलं नव्हतं हो. आईनं न्हाई, बापानं न्हाई, मीबी न्हाई. येताना गाडीच्या आरशात पाहिलं तर पोरगी डोळे पुसून राहिली होती, आन मला उगंच रस्ता धुरकट दिसायला लागला.

दहा दिवसांत सटवाजीच्या मनगटावरचे केस गळाले, रुपयाएवढी जागा! आख्खं गाव पाहायला. "सटवाजी, दाखव." "हे पाहा, उजेडानं!" रेशन दुकानदारानं तर बोटानं घासून पाहिलं.

आन पाहायचा दिवस आला. पुनमचे केस चांगले उगवलेले. वैनी दोरा घेऊन मागं, पोरगी पुढं, "आई, उपटणार न्हाई." ओढणी खांद्यावर टाकून पोह्याचं ताट घेऊन बाहेर आली. पोराच्या आईची नजर हनुवटीवर. आन पोरगी म्हणते कशी, "मावशी, केस हायेत. लेझरचं समजून घेऊन राहिले. केलं तर केलं, न्हाई तर न्हाई."

मग पाहायला आलेलं पोरगंच हळूच म्हणलं, "लई दुखतंय का हो त्यात?" पुनम हसली. दोन वर्षांत पयल्यांदा तिचे दात दिसले! दुसऱ्या दिशी फोन आला, पोरगी पसंत हाय.

रक्ताचा रिपोर्ट आला, थोडी गडबड निघाली, गोळ्या चालू झाल्या. सहा आठवडे भरले. सकाळी सातला जीप दारात, सटवाजी इस्त्रीच्या सदऱ्यात, वैनीनं दशम्या बांधलेल्या. आन पुनम ओट्यावर बसून म्हणते, "बाबा, आज नको. परीक्षा होऊ द्या. मग मला वाटलं तर जाऊ."

आता बोला! रेशनवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं गाव लेझर समजून तयार, आन जिची हनुवटी ती म्हणते, पाहू! सटवाजीनं माझ्याकडं पाहिलं, मी सटवाजीकडं. मी गाडी बंद करणार, तेवढ्यात मंजुळावैनी पदर खोचून पुढच्या सीटवर येऊन बसली. ओठावरून बोट फिरवलं आन म्हणली, "गाडी लागलीच हाय तर चला. माझ्या मिशा अजून काळ्याच हायेत."

मारला स्टार्टर. काय करता!