शेवाळाच्या गोळ्या

कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले सरपंच सोमाजीभाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर हर्षा मॅडम, मंचावरचे पाहुणे आणि सतरंजीवर बसलेल्या माझ्या माय-बहिणींनो, तुमच्या आशाताई मंजुषाचा सर्वांना नमस्कार.

मॅडमबद्दल चार चांगले शब्द बोल, असं मला सांगितलं आहे. ते मी बोलणारच. गरोदर बाईचे पाय हातात घेऊन सूज बघणारी डॉक्टर याआधी आपल्या गावात आली नव्हती. दोन वर्षं त्या भर उन्हात नागभीडहून स्कूटीवर यायच्या. समुद्र आपल्यातल्या कुणी पाहिला आहे? पण त्या समुद्रातल्या शेवाळात तेल असतं, पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी ते चांगलं, आणि मासोळीत ते येतं तेच मुळी शेवाळातून, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. त्या तेलाच्या गोळ्या त्यांनी गरोदर बायांना सुरू केल्या, वाटायचं काम माझं. मासोळी न खाणारीसाठी केवढी सोय!

रंजीता तशीच. महानुभाव पंथाच्या घरची सून. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तिची सासू कलाबाई मला म्हणाली, "मंजुषा, तू सांगून राह्यली म्हणून देतो. मासोळीचं नाई ना?"

मी म्हटलं, "नाई बाई. शेवाळाचं हाय."

सातव्या महिन्यात रंजीता म्हणाली, "ताई, ढेकर आली का मासोळीचा वास येते. काऊन?"

मी हसले. "भास होत असन तुले. गोळी बंद नोको करू." दुसरं काय म्हणणार होते मी? माझा मॅडमवर विश्वास होता.

बाळंतपण नीट झालं. बाळ गुटगुटीत आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते. मग मागच्या महिन्यात दवाखान्याची खोली आवरताना कपाटामागे गोळ्यांचे रिकामे खोके निघाले. त्यांवर मासोळीचं चित्र. मी मॅडमना विचारलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "शेवाळाच्या गोळ्या तीन महिने आल्याच नाहीत. काम थांबू नये म्हणून त्याच डब्यांत या भरल्या. शेवटी गुण तोच ना?"

"मले तरी सांगायचं होतं, मॅडम."

"तू सगळ्यांना सांगून टाकलं असतंस."

हो, टाकलं असतं.

मग घरोघर जाऊन मीच सांगितलं. कलाबाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाहेरच्या होत्या. तू तं आमची होती." परवा बाळाच्या लसीसाठी गेले, तर दारातच आडवी उभी. "यात काय हाय, हे तुले तरी मालूम हाय काय?" मला माहीत होतं. पण माझं ऐकतं कोण?

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, मी आभारी आहे. निरोपाच्या दिवशी हे बोलणं शोभत नाही, ते कळतं मला. मंचाने माझी चूक पदरात घ्यावी. गोळ्यांची माफी मी माझ्यापुरती मागून आले. तुमची राहिली आहे, मॅडम. कलाबाई आज इथे आली नाही. तिचं घर पाण्याच्या टाकीमागे आहे, आणि तुमची गाडी साडेचारला आहे. वेळ आहे अजून.