टर्बाईनची वाट बघताना

भोरहून वेल्ह्याला निघालेल्या एसटीत सौदामिनीबाई डोक्यावर पदर घेऊन खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत. मागच्या बाकावर त्यांच्याच वर्गातला, मार्गासनीचा बंडू आईशी बोलत होता. आवाज ओळखायला बाईंना मान वळवावी लागली नाही.

“नोकरीचं काय झालं, ते सांगशील का न्हाई?”

“न्हाई झालं, आये.”

“का रं? तुझ्या बाई तर लई भारी इंग्रजी शिकवत्यात म्हनं.”

“भारीच! धा-धा ओळींचं एकेक वाक्य. विलायती पुस्तकातनं टर्बाईन शिकवलं.”

“त्ये काय असतं?”

“पान्याच्या जोरावर फिरनारं चाक. त्याच्यावर वीज करत्यात. सगळं इंग्रजीत घडाघडा येतंय मला.”

“मग तितं का न्हाई सांगितलंस?”

“सायबानं इचारलंच न्हाई! नाव काय, गाव कुठलं, घरी कोन कोन, असलंच इचारत बसला.”

“तू काय म्हनलास?”

“गप बसलो. म्हनलं, आता टर्बाईनवर येईल, मग येईल.”

“आन् बाईंनी नाव-गाव न्हाई शिकवलं?”

“त्ये सोपं असतं गं. सोपं शिकवायचं म्हंजी बाईंना कमीपना वाटतो.”

सौदामिनीबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि मागं वळून सावकाश विचारलं, “व्हॉट इज युवर नेम?”

बंडू ताडकन उभा राहिला.

आईनं त्याला कोपरानं ढोसलं.

“आरं, हितं तरी टर्बाईन सांग की!”